आनुवंशिक चयापचय विकारात यकृताचा न्यूक्लिअर स्कॅन: काय दिसतं आणि काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १७ वर्षांची. ग्लायकोजेन साठवण विकार, टाइप १ए, हे निदान लहानपणीच झालेलं. कच्च्या कॉर्नस्टार्चवर (मक्याचं हळूहळू साखर सोडणारं पीठ) साखर बऱ्यापैकी सांभाळली जाते. यंदाच्या सोनोग्राफीत यकृतात दोन गाठी दिसल्या, मोठी साधारण ३ सेंटिमीटरची. एका डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय सांगितला. दुसऱ्यांनी ‘कोलॉइड स्कॅन, हिडा स्कॅन, नाहीतर पेट-सीटी करून घ्या’ असं सुचवलं. वडिलांचं विचारणं असं की या तपासण्यांतून आजार किती बळावला ते कळेल का, गाठ कर्करोगाची आहे का ते ठरेल का, आणि किरणांची भीती किती बाळगायची.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्येच काम करतो, तरी उत्तर आमच्या विभागाचं काम कमी करणारंच आहे: आधी एमआरआय करा. आमच्या स्कॅनची गरज त्यानंतर लागली तर लागेल, बहुतेक वेळा लागत नाही. असं का, हे मात्र नीट समजून घ्या. घरात आनुवंशिक आजार असला की असे सल्ले पुन्हा पुन्हा मिळत राहतात.

सोनोग्राफी, सीटी, एमआरआय हे मुख्यतः यकृताची रचना दाखवतात. आम्ही शिरेतून किरणोत्सारी औषधाचा अगदी सूक्ष्म डोस देतो आणि ते कुठल्या पेशीनं उचललं, कुठे नेलं, कधी सोडलं हे गॅमा कॅमेऱ्यावर बघतो. म्हणजे प्रत्येक औषध यकृताच्या एकाच कामाबद्दल बोलतं. टेक्नेशियम-९९एम लावलेलं सल्फर कोलॉइड यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात. या रक्तातला कचरा साफ करणाऱ्या पेशी आहेत, चयापचयाशी त्यांचा थेट संबंध नाही. निरोगी माणसात दिलेल्या कोलॉइडपैकी ८० ते ९० टक्के यकृतात जातं, थोडं प्लीहेत, उरलेलं हाडांच्या मज्जेत. हिडा गटातली औषधं, हल्ली बहुतेक ठिकाणी मेब्रोफेनिन, मुख्य यकृतपेशी उचलतात आणि पित्तात टाकतात. एफडीजी हा साखरेचा भाऊबंद, तो पेशीत किती अडकून राहतो ते पेटमध्ये दिसतं.

तुमच्या मुलीच्या आजारात बिघडलंय ते चौथंच काहीतरी. जी६पीसी१ या जनुकातल्या दोषामुळे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम नाही, त्यामुळे यकृतात साठवलेली साखर शेवटच्या पायरीवर अडते आणि रक्तात येत नाही. ग्लायकोजेन आणि चरबी साचून यकृत फुगतं, उपाशीपोटी साखर उतरते, लॅक्टेट, यूरिक अ‍ॅसिड आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. कुप्फर पेशी जागेवर असतात, पित्ताची वाहतूक चालू असते. म्हणून कोलॉइड आणि हिडा दोन्ही स्कॅनमध्ये ढोबळमानाने मोठं झालेलं यकृत दिसेल आणि ‘आजार किती बळावला’ याचं उत्तर त्यात सापडणार नाही. ते लॅक्टेट, ट्रायग्लिसराइड, यूरिक अ‍ॅसिड, लघवीतलं अल्ब्युमिन यांच्या तक्त्यावर आणि तिच्या साखरेच्या नोंदवहीत आहे.

आता गाठी. टाइप १ए मध्ये किशोरवयानंतर यकृतात अ‍ॅडेनोमा होणं हे नेहमीचं आहे, मोठ्या वयात तर बहुतेक रुग्णांत त्या सापडतात. त्या सौम्य असतात, पण त्यातली एखादी पुढे कर्करोगात बदलू शकते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी, चांगला एमआरआय सहज मिळत नव्हता तेव्हा, आम्ही कोलॉइड स्कॅन करायचो. अ‍ॅडेनोमात सहसा काम करणाऱ्या कुप्फर पेशी नसतात किंवा अगदी थोड्या असतात, म्हणून तिथे रिकामं भोक पडल्यासारखं दिसतं. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया ही दुसरी सौम्य गाठ मात्र बऱ्याचदा कोलॉइड घेते. या एका फरकावर त्या काळी निर्णय व्हायचे. अडचण अशी की कर्करोगाची गाठही कोलॉइड घेत नाही. म्हणजे ‘भोक’ दिसलं की ती फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया असण्याची शक्यता घटली इतकंच कळतं. अ‍ॅडेनोमा की कर्करोग, हा तुमचा खरा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. त्यात गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तिच्यापुढची-मागची यकृताची चमक ते भोक झाकून टाकते, आणि चरबीनं भरलेल्या मोठ्या यकृतात कोलॉइड तसंही डागाडागात बसतं. स्पेक्ट-सीटीनं, म्हणजे गॅमा कॅमेऱ्याच्या त्रिमितीय चित्राला सीटीची जोड देऊन, थोडी सुधारणा होते, चमत्कार होत नाही.

हिडामध्ये अ‍ॅडेनोमा औषध घेऊ शकतो आणि उशिरापर्यंत धरून ठेवू शकतो, कारण यकृतपेशी आहेत पण पित्त बाहेर नेणाऱ्या नीट नलिका नाहीत. गंमत म्हणजे एमआरआयमध्ये वापरतात ते गॅडोक्सेटेट नावाचं कॉन्ट्रास्टही ओएटीपी गटातल्या त्याच दारातून यकृतपेशीत शिरतं, ज्यातून आमचं मेब्रोफेनिन शिरतं. म्हणजे हिडा स्कॅनमधून जी माहिती मिळाली असती ती त्या एमआरआयच्या २० मिनिटांनंतरच्या फेजमध्ये मिळते, आणि ती मिलिमीटरच्या बारकाव्यानं, शिवाय चरबी, रक्तस्राव आणि रक्तपुरवठ्याच्या माहितीसह. म्हणून म्हटलं, आधी एमआरआय.

अपवाद सांगतो, कारण तो याच आजारात उद्भवतो. टाइप १ए मध्ये मोठ्या वयात मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. मूत्रपिंडाचं काम फारच घटलं असेल आणि गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट द्यायला रेडिओलॉजिस्ट राजी नसतील, किंवा एमआरआयवर एखादी गाठ फोकल नोड्युलर हायपरप्लेझियासारखी वाटतेय पण खात्री होत नाही, तिथे कोलॉइडचा स्पेक्ट-सीटी अजूनही कामाला येतो. अशा स्कॅनची मी आनंदानं शिफारस करतो. इतर वेळी ‘सगळंच करून टाकू’ या विचारानं नाही.

पेट-सीटीबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण पेट म्हटलं की सगळ्यांना ते अंतिम उत्तर वाटतं. एफडीजी पेशीत शिरल्यावर त्याला फॉस्फेट चिकटतं आणि ते आत अडकतं. मेंदूत, बहुतेक कर्करोगांत असंच होतं. यकृत वेगळं आहे. तिथे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज भरपूर असल्यानं तो फॉस्फेट पुन्हा सुटतो आणि एफडीजी बाहेर पडतं. यकृताच्या पेशींसारख्याच दिसणाऱ्या, कमी आक्रमक यकृत-कर्करोगातही हे एन्झाइम टिकून असतं, म्हणून असे कर्करोग एफडीजीवर बऱ्याचदा दिसतच नाहीत. आता तुमच्या मुलीकडे पाहा. नेमकं तेच एन्झाइम तिच्या यकृतात कामाचं नाही. तत्त्वतः आजूबाजूचं यकृतच एफडीजी धरून ठेवणार, मग गाठ आणि पार्श्वभूमी यातला फरक आणखी पुसट होणार. उलट बाजूनं, काही सौम्य अ‍ॅडेनोमाही एफडीजी उचलतात. गाठ दिसली म्हणून कर्करोग नाही, दिसली नाही म्हणून निर्धास्त नाही. कर्करोग सिद्ध झाल्यावर तो बाहेर पसरलाय का हे बघायला पेटचा उपयोग आहे. गाठ कसली हे ठरवायला या आजारात मी पेट सुचवणार नाही. आणि अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात रक्तात बऱ्याचदा वाढणारं प्रथिन) नॉर्मल आलं म्हणूनही सुटका समजू नका. टाइप १ए मध्ये कर्करोग असूनही ते नॉर्मल राहू शकतं.

तरीही कुणी पेट किंवा हिडा करायचं ठरवलंच, तर या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे.

आमच्याकडे अपॉइंटमेंट देताना काउंटरवरून ठरलेलं वाक्य सांगितलं जातं: ‘सकाळी उपाशीपोटी या, पाणी चालेल.’ हिडासाठी साधारण ४ तास, एफडीजी पेटसाठी ४ ते ६ तास. बाकीच्या माणसांना याचं काही वाटत नाही. टाइप १ए च्या रुग्णाची साखर मात्र तेवढ्यात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, आणि सोबत लॅक्टेट चढतं. त्यात पेटसाठी इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहायला सांगतात. साखर उतरल्यावरची सुस्ती आणि ‘शांत झोपलीय’ यातला फरक दाराबाहेरून कळत नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच आजाराचं नाव सांगा, फॉर्मवर ठळक लिहून द्या, आणि मुलीच्या चयापचय तज्ज्ञांकडून लेखी सूचना आणा. सकाळचा पहिला नंबर घ्या. ग्लुकोमीटर सोबत ठेवा. कॉर्नस्टार्चचा शेवटचा डोस कधी, पुढचा कधी, मध्ये ग्लुकोजची सलाइन लागणार का, हे आधीच ठरलेलं हवं. सलाइननं इन्सुलिन वाढेल, एफडीजी स्नायूंत जाईल, चित्र खराब येईल. येऊ द्या. खराब चित्र परवडतं.

हिडाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट विचारा: उपास कशासाठी? तो पित्ताशय भरलेलं दिसावं म्हणून असतो. प्रश्न फक्त गाठीचा असेल तर पित्ताशय दिसो न दिसो, काय फरक पडतो? उपासाची अट तिथेच सैल करता येते. बहुतेक विभाग विचारल्यावर करतात. विचारलं नाही तर छापील सूचनाच लागू होते.

हाच धोका इतर विकारांत वेगळ्या वेषात येतो. फॅटी अ‍ॅसिडच्या ऑक्सिडेशनच्या, म्हणजे चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याच्या, दोषांत उपास तर घातक आहेच, पण हिडामध्ये पित्ताशय आकुंचन पावतं का हे बघायला जे स्निग्ध खाणं देतात तेही लांब साखळीच्या फॅटी अ‍ॅसिडच्या दोषात चालत नाही. तिथे पित्ताशय आकुंचित करणारं सिंकॅलाइडचं इंजेक्शन वापरायचं. आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुतेत फळांचा रस, साखर आणि सॉर्बिटॉल असलेलं कुठलंही पेय किंवा सलाइन वर्ज्य. तुमच्या मुलीलाही ऊस-साखर, दूध, फळांचा रस यावर बंधन असेलच, कारण फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोजचं तिच्या यकृतात लॅक्टेट होतं. तेव्हा ‘स्कॅन झाला, आता ज्यूस प्या’ हे तिच्यासाठी नाही. आपला डबा न्या.

मग न्यूक्लिअर स्कॅन आनुवंशिक यकृतविकारांत खरंच शोभतो कुठे? जिथे बिघाड नेमका त्याच वाटेवर असतो ज्या वाटेनं आमचं औषध जातं. डुबिन-जॉन्सन आणि रोटर ही जोडी याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. दोन्हींत आयुष्यभर हलकी कावीळ, दोन्ही निरुपद्रवी, रक्त तपासणीत दोन्हींत बिलिरुबिनचा थेट भाग वाढलेला. पण डुबिन-जॉन्सनमध्ये यकृतपेशीतून पित्तात ढकलणारा एमआरपी२ हा पंप नाही. हिडामध्ये यकृत पहिल्या काही मिनिटांतच गडद भरतं आणि मग तसंच राहतं. तासाभरानं बघा, दोन तासांनी बघा, यकृत तेवढंच काळं, पित्ताशय उशिरा दिसतं किंवा दिसतच नाही. रोटरमध्ये उलट, औषध आत घेणारी ओएटीपी१बी१ आणि ओएटीपी१बी३ ही दोन्ही दारं बंद. यकृत जेमतेम उमटतं, हृदयातलं रक्त उशिरापर्यंत चमकत राहतं आणि औषध मूत्रपिंडाकडे वळतं. शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन चित्रं एकदा पाहिली की विसरत नाहीत. रोटरच्या मुळाशी ही दोन दारं आहेत हे मात्र २०१२ मध्ये कळलं, चित्रं त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे होती. व्यवहारात आज लघवीतल्या कोप्रोपॉर्फिरिनच्या तपासणीवर आणि जनुक चाचणीवर काम भागतं, निरुपद्रवी आजारासाठी स्कॅनचा हट्ट धरायचं कारण नाही.

क्रिग्लर-नजार आणि गिल्बर्ट या काविळीच्या दुसऱ्या आनुवंशिक विकारांत मात्र हिडा नॉर्मल येतो. तिथे बिलिरुबिनला ग्लुकुरोनिक अ‍ॅसिड जोडणारं एन्झाइम कमी पडतं, आणि मेब्रोफेनिनला त्या जोडणीची गरजच नसते. याचाच एक फायदा होतो. क्रिग्लर-नजार किंवा युरिया चक्राच्या दोषांत कधीकधी मूळ यकृताचा काही भाग ठेवून शेजारी दात्याचा तुकडा बसवतात. दोन्ही तुकडे हिडा उचलतात, आणि कोण किती काम करतंय याचा हिशेब टक्क्यांत मांडता येतो. नव्या तुकड्याचा वाटा घसरला तर तो रक्तात उमटण्याआधी इथे लक्षात येऊ शकतो. या कामाला हिडाची बरोबरी करणारं दुसरं फारसं काही नाही.

विल्सनच्या आजारातही आमचं क्षेत्र पुन्हा जागं होतंय. तिथे एटीपी७बी या पंपाच्या जनुकातल्या दोषामुळे तांबं पित्तात जात नाही. तांबं-६४ हा समस्थानिक, ज्याचं अर्धायुष्य १२.७ तास आहे, शिरेतून देऊन पेटवर पाहिलं की निरोगी यकृतातून ते पित्तावाटे उतरताना दिसतं, विल्सनच्या यकृतात ते साचून राहतं. डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या गटानं हे २०२२ मध्ये माणसांत छान दाखवलं. जनुकोपचारानं हा पंप पुन्हा चालू झाला का, हे जिवंत माणसात पाहायचं तर याहून सरळ मार्ग सुचत नाही. पण ही अजून संशोधनकेंद्रांतली गोष्ट आहे, निदान आजही रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांची तपासणी आणि जनुक यांवरच होतं.

गोशे या आनुवंशिक साठवण विकारात कुप्फर पेशीच चरबीसदृश पदार्थानं गच्च भरतात. कोलॉइड स्कॅनमध्ये मोठी प्लीहा आणि विस्कटलेलं यकृत दिसायचं. आता ते काम एमआरआयकडे गेलंय.

तान्ह्या बाळांबद्दल एवढंच, पण ते महत्त्वाचं. दोन-तीन आठवड्यांपुढे टिकलेल्या काविळीत हिडा करतात तो पित्तनलिका बंद आहेत का हे पाहायला. औषध आतड्यात उतरलं तर पित्तनलिका बंद पडण्याचा आजार, म्हणजे बिलिअरी अ‍ॅट्रेझिया जवळजवळ नक्कीच नाही. २४ तासांतही उतरलं नाही तर मात्र निदान पक्कं समजू नका. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता, अलाजील सिंड्रोम, पित्तस्रावाचे काही आनुवंशिक दोष, सिस्टिक फायब्रोसिस, यांतही हुबेहूब तसंच चित्र येतं. पित्तस्राव वाढवणारं फेनोबार्बिटॉन ५ दिवस देऊन मग स्कॅन, ही जुनी पद्धत चांगली आहे, पण पित्ताला आतड्याकडे वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी, साधारण ६० दिवसांच्या आत. बाळ आधीच त्या टोकाला आलं असेल तर स्कॅनसाठी आठवडा घालवू नये. आणि गॅलॅक्टोसेमिया, टायरोसिनेमिया टाइप १ यांच्या चाचण्या स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी पाठवायच्या. त्यांवर उपचार आहेत, एकात दूध बंद करणं आणि दुसऱ्यात आहारासह निटिसिनोन, आणि ते दिवसांच्या हिशेबानं सुरू व्हावे लागतात.

किरणांबद्दल. १८५ मेगाबेकरेल (किरणोत्साराचं माप) कोलॉइडमुळे प्रौढ माणसाला बसणारा किरणांचा डोस २ मिलिसिव्हर्टच्या आत असतो, तेवढ्याच मेब्रोफेनिनचा ३ च्या आसपास. निसर्गातूनच जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एफडीजी पेट ७ च्या आसपास, त्यात सीटीची भर वेगळी. मुलांना डोस वजनानुसार कमी करतात. एका स्कॅननं घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमच्या मुलीच्या यकृतावर आयुष्यभर नजर ठेवायची आहे, मोठ्या वयात दर ६ ते १२ महिन्यांनी, आणि हा हिशेब जमा होत जातो. हेही एमआरआय पुढे ठेवण्याचं एक कारण. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास असल्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत शरीरात नगण्य उरतं, घरात वेगळं राहण्याची गरज नसते. गर्भधारणेची शक्यता असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

बायोप्सीचा विषय निघेल. टाइप १ए मध्ये प्लेटलेट्सची संख्या ठीक असूनही त्या नीट काम करत नाहीत, विशेषतः साखर-लॅक्टेटची घडी बिघडलेली असते तेव्हा, आणि अ‍ॅडेनोमा रक्तानं भरलेला असतो. सुई घालण्याआधी रक्तस्रावाची तयारी आणि चयापचय आटोक्यात, दोन्ही हवं. एमआरआयवर अ‍ॅडेनोमाचं चित्र स्पष्ट असेल, गाठ ५ सेंटिमीटरच्या बरीच आत असेल आणि वाढत नसेल, तर बरेच तज्ज्ञ सुई न घालता वाट पाहतात. साखर, लॅक्टेट आणि ट्रायग्लिसराइड सुधारल्यावर अशा गाठी लहान झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा या गाठींवर पहिला उपचार तिच्या आहाराच्या तक्त्यातच आहे. १७ वर्षांची मुलगी आहे म्हणून हेही: पाळीसाठी किंवा मुरुमांसाठी कुणी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दिल्या असतील किंवा देणार असतील, तर चयापचय तज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अ‍ॅडेनोमा त्यांवर पोसतो.

एमआरआयला जाताना आधीच्या सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि शक्य असेल तर चित्रांची सीडी सोबत न्या. ३ सेंटिमीटरची गाठ दोन वर्षांपूर्वी अडीचची होती की नव्हतीच, यावर रेडिओलॉजिस्टचं पुढचं वाक्य अवलंबून असतं.